कोंडीपलीकडचं गाऱ्हाणं

जयवंत घोरायला लागला की घाटकोपरच्या भटवाडीतल्या त्या चढावरच्या आख्ख्या चाळीला कळायचं. वर पत्रा, मधे फळ्यांची भिंत. शेजारच्या राधाबाईंच्या मांडणीवरची पितळी भांडी म्हणे त्या आवाजाने थरथरायची. राधाबाईंची जीभ तशी सैल, त्यातलं निम्मं सोडून द्या. पण उरलेलं निम्मंही काही कमी नव्हतं.

गंमत अशी की घरात या घोरण्याची कुणाची तक्रार नव्हती. उलट शेवंतीला, त्याच्या बायकोला, ते ऐकून बरं वाटायचं. आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे सुखी माणूस. पोट भरलंय, डोकं शांत आहे, आणखी काय पाहिजे? आणि जयवंतकडे झोपेशिवाय सुखाचं उरलं होतं तरी काय! गिरणी संपात गेली. मग त्याने इमारतींना रंग मारायचं काम धरलं, तर मुलुंडला परांचीवरून खाली आला. बांबूची बांधणी ती, एका जागी सुंभ सुटला आणि याची मान मोडली. जीव वाचला. खांदे आणि कोपरं हलायची, बोटं अर्धीमुर्धी. छातीखाली सगळं गप्प. आवाजही बारीक झाला, कारण छातीचा भाता निम्माच चालायचा.

पहिल्या वर्षी त्याला झोप म्हणून येईना. पाय मेले होते तरी त्याला न विचारता झटके मारायचे. गल्लीतल्या डॉक्टरने झोपेची गोळी दिली. गोळीने झोप आली, झोपेमागोमाग घोरणं आलं, आणि शेवंतीने देवापुढे नारळ फोडला.

धाकू दर रविवारी यायचा. गिरणीत जयवंतच्या शेजारच्या मागावर होता, गावही शेजारचंच. तोंडाने फाटका, मनाने सोनं. अशाच एका रविवारी दुपारी जेवणं झाली होती, जयवंत उताणा घोरत होता आणि धाकू दारात बसून सुपारी कातरत होता. घोरणं लांबलं, लांबलं, आणि मधेच थांबलं. एकदम चिडीचूप. धाकूने कातरणं थांबवलं, हात जोडले आणि देवळात म्हणतात तसं मोठ्याने म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"

जयवंतने घशातून एक जोरदार आचका दिला आणि गाडी पुन्हा सुरू. राधाबाई हसून हसून खाली बसल्या. "आयला, ह्यो तर बापाशीच्या वरताण गाऱ्हाणा घालता!" धाकू म्हणाला.

कोकणातल्या माणसाला यात काही समजवायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घालणारा एका दमात देवाला सगळं सांगत सुटतो, पिकापाण्याचं, गुराढोरांचं, मुंबईला गेलेल्या लेकरांचं. दम घ्यायला तो थांबला की जमलेले पुरुष एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' तो होकार मिळाल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. जयवंतचे वडील सहदेव गावाचं गाऱ्हाणं घालायचे. काय दम होता त्या माणसाचा! एका श्वासात बारा वाड्यांची नावं घ्यायचे. त्यांच्यामागे हा मान जयवंतचा होता, पण तो गिरणीत अडकला आणि मान चुलतभावाकडे गेला. वडील गेले तेव्हा कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण ही सल त्याच्या मनात राहिली ती राहिलीच.

धाकूचा विनोद जागा झाल्यावर त्याला सांगितला तेव्हा तोही हसला. पण मनात म्हणाला, याला कसं कळलं?

कारण जयवंतला स्वप्न पडायचं. रोज, तेच. कुणालाही न सांगितलेलं.

स्वप्नात तो चालायचा. गावची नदी, उन्हाळ्यातली, पोटरीएवढं पाणी. तळाला गोटे. एकेक गोटा तळपायाला कळायचा, थंड, बुळबुळीत, मधेच एखादा टोचरा. टोचला की याला इतका आनंद व्हायचा की काय सांगू! तो मुद्दाम त्याच गोट्यावर पुन्हा पाय द्यायचा. पलीकडच्या काठावर देऊळ आणि देवळापुढे बाबा, धोतर नेसलेले, हातात नारळ. त्यांच्यामागे सगळा गाव. बाबांचं गाऱ्हाणं चाललेलं. शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. तो सूर धरून जयवंत चालत राहायचा. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. मग कोंड यायची, म्हणजे नदीतली खोल जागा, जिथे लहानपणी पोरांना जाऊ देत नसत. तिथे पाणी छातीला लागायचं, गळ्याला लागायचं, हनुवटीवर चढायचं, आणि भीती म्हणून वाटायची नाही. सगळं हिरवं आणि हलकं होऊन जायचं. पलीकडे बाबा थांबायचे. गाव वळून याच्याकडे बघायचं. आता याने म्हणायचं, व्हय म्हाराजा, की पोचला.

तो तोंड उघडायचा. पूर्वी तेवढ्यात नुसतीच जाग यायची. हल्ली मात्र नेमकं तेव्हा मागून, अलीकडच्या काठावरून, दुसरंच कुणीतरी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." बारीक आवाजात, घाईघाईने, चोरून म्हटल्यासारखं.

झालं! पाणी भस्सकन उतरायचं, देऊळ विरघळायचं, आणि जयवंत पुन्हा पत्र्याखाली उताणा. कोण होता हा मेला? माझा होकार दरवेळी चोरतो! वळून बघायची त्याची फार इच्छा असायची, पण वळेपर्यंत स्वप्न शिल्लक राहायचं नाही.

या स्वप्नापायी त्याचा दिवस मात्र पार कामातून गेला. सकाळी डोकं असं ठणकायचं की शेवंतीने लावलेला बाम कपाळावरच वाळून जायचा. बोलता बोलता डोळे मिटायचे. शेवंती सकाळी साकीनाक्याला पेनाच्या कारखान्यात जायची, रिफिली भरायला. जाण्याआधी त्याला भरवायची, तर घास तोंडात आणि हा गाढ.

"अवो, घास तरी गिळा! माझ्यावांगडा बोलतानाच बरी तुमका झोप येता!" ती करवादायची.

तीही हल्ली चिडचिडी झाली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, हातातून भांडी पडायची. जयवंतला वाटायचं, कंटाळली बिचारी. कोण नाही कंटाळणार?

मग एकदा लघवीच्या नळीच्या तपासणीसाठी त्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. टॅक्सीत घालून, धाकू आणि शेवंतीने उचलून. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर जयंती. त्या कागद चाळत होत्या तेवढ्यात जयवंत स्ट्रेचरवर उताणा पडल्या पडल्या झोपला. घोरला. थांबला. बाईंनी कागद खाली ठेवला आणि त्याच्या छातीकडे बघत राहिल्या. त्याने आचका दिला तेव्हा कुठे त्या खुर्चीवर बसल्या.

"घरीही असंच थांबतात?"

"थांबतात," शेवंती म्हणाली. "मी हलवते कधी कधी."

बाईंनी सगळं नीट समजावलं. मान मोडलेल्या माणसांत हे बरंच दिसतं. झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे सरते आणि हवेची वाट बंद होते. छातीची ताकद आधीच निम्मी. श्वास थांबतो तेव्हा आतला राखणदार धक्का देऊन माणसाला जागं करतो, रात्रीतून कितीतरी वेळा, माणसाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून सकाळी डोकं दुखतं, म्हणून दिवसा डुलक्या. "आणि तुम्ही वरून झोपेची गोळी देता. म्हणजे राखणदारालाच दारू पाजता. एखाद्या दिवशी तो उठायचाच नाही."

शेवंतीने तोंडावर पदर घेतला. घोरणं म्हणजे सुख असं मानून तिने स्वतःच्या हाताने गोळी भरवली होती.

"परदेशात यासाठी नाकाला लावायचं मशीन निघालंय," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे यायला वेळ लागेल. तोवर एवढं करा. गोळी बंद. आणि उताणं झोपवायचं नाही, कायम कुशीवर, पाठीला उशी लावून. सगळं थांबेल असं नाही सांगत, पण पुष्कळ थांबेल."

घरी येऊन शेवंतीने जुन्या लुगड्यात सावरीचा कापूस भरून लांबलचक लोड शिवला. त्याला कुशीवर वळवलं, पाठीला लोड, गुडघ्यांमधे उशी. जयवंत तसा झोपला, आणि नदी आलीच नाही. साधी, काळी, मुकी झोप. जागा झाला तेव्हा डोकं हलकं होतं. पाय पुन्हा एकदा गेले होते.

डोकं दुखत नाही हे काय थोडं होतं? शहाणा माणूस हात जोडेल. पण जयवंतला शहाणपण नको होतं, त्याला तो टोचरा गोटा हवा होता.

"खांदो दुखता माझो. कुशीर नको," तो म्हणू लागला. रोज. खांदा थोडा दुखायचा, ते खोटं नाही. पण खोटं बोलायला थोडं खरं फार उपयोगी पडतं. शेवंती भांडायची, वळवायची, हा कण्हायचा, ती हरायची आणि पुन्हा उताणा करायची. एवढ्यावर तो थांबला असता तरी बरं. पण गोळीशिवाय कोंडीपर्यंत पोचता येईना, गुडघाभर पाण्यातच जाग यायची. मग त्याने धाकूला गळ घातली. "झोप नाय रे माका. शेवंतीक सांगू नको." धाकूला वाटलं, मित्र तळमळतोय. गुपचूप आणून दिल्या. जयवंतने त्या उशीच्या अभ्र्यात ठेवल्या. अभ्र्यातली गोळी दोन मनगटांत धरून तोंडापर्यंत न्यायला त्याला घाम फुटायचा, पण न्यायचा.

आणि मग तो रविवार. कोलंबीचं कालवण झालं होतं, बाहेर ऊन रणरणत होतं, कुणाच्या तरी रेडिओवर बारीक आवाजात गाणी चालू होती. धाकू त्या दिवशी आला नव्हता.

"आजचो येक दिवस गो. आयतवार. सरळ झोपान दी."

शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. भांडायलासुद्धा तिच्यात जीव नव्हता. तिने लोड काढला, त्याला उताणा केला आणि खाटेला टेकून खाली बसली. त्याआधी ती पाण्याचा तांब्या आणायला वळली होती, तेवढ्यात याने अभ्र्यातल्या गोळीचं काम उरकून घेतलं होतं.

नदी लगेच आली. इतकी स्वच्छ कधीच नव्हती. गोटे मोजून घ्यावेत असे, मासे पायांना लुचत होते. जयवंत भराभर चालला. कंबर, छाती, गळा. कोंड आली तशी हिरवा उजेड डोक्यावरून गेला आणि पाण्यातूनही बाबांचा आवाज ऐकू येत राहिला. या खेपेला शब्दही कळत होते. बाबा देवाला सांगत होते, 'मुंबईक गेललो माझो झील चलत इलो असा रे म्हाराजा, त्येका पदरात घे.'

बाबा थांबले. गाव वळलं.

जयवंतने वाट बघितली. त्या चोराची. आता तो मागून म्हणेल, आणि आपण पुन्हा पत्र्याखाली.

कुणी म्हटलं नाही.

"रे झिला," बाबा हसून म्हणाले, "व्हय म्हण. सगळो गाव खोळंबलो असा."

इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जीव टाकला तो हाच. मधे कुणी नाही, होकार त्याचाच. तोंड उघडायचं तेवढं बाकी. पण जयवंतच्या मनात भलतंच आलं. तो आवाज का आला नाही? रोज येतो. आज काय झालं? मागचा काठ इतका गप्प कसा? आणि पाण्यात पहिल्यांदाच त्याला भीती वाटली, स्वतःची नाही.

"थांबा बाबा," तो म्हणाला. "ती खय गेली ता बघून येतंय."

ती, असं म्हणाला. कोण ती, हे त्याला अजून कळलं नव्हतं, पण तोंडातून गेलं. त्याने बाबांकडे, देवळाकडे, सगळ्या गावाकडे पाठ फिरवली आणि उलट चालायला लागला. काय ते चालणं! पाणी शिसं झालं होतं. पाय उचलेनात. पाऊल, मग आणखी एक पाऊल, मग पायच नाहीत, मग नुसती छाती, फुटायला आलेली छाती, आणि वर कुठेतरी पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा एक ठिपका.

त्याने असा आचका दिला की खाट हलली. हवा आत शिरली ती सुरीसारखी. डोळ्यांपुढे काजवे, डोक्यात घण. तो किती तरी वेळ नुसता श्वास घेत राहिला.

मग त्याने मान वळवली, वळेल तेवढी. शेवंती खाटेच्या कडेवर डोकं टाकून झोपली होती. बसल्या बसल्या, तोंड उघडं, पदर खाली. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर होता, थोपटता थोपटता थांबलेला. तिच्या ओठांची हालचाल झाली. झोपेतच, बारीक आवाजात, घाईघाईने ती पुटपुटली,

"व्हय म्हाराजा."

जयवंतच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पुसायला हात पोचत नव्हता आणि त्याला पुसायचंही नव्हतं. गावात गाऱ्हाण्याला बायका मागे उभ्या राहतात, हात जोडून, गप्प. होकार पुरुषांनी द्यायचा. म्हणून त्या आवाजात त्याने चाळीतला, गावातला, गिरणीतला एकेक पुरुष शोधला होता आणि हिच्यापाशी कधी आलाच नव्हता.

तिला त्याने उठवलं नाही. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा तिची तीच दचकून उठली.

"अगो बाय माझ्या! माका झोप कशी लागली? तुमी बरे आसात मा?" तिने आधी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"ता तू म्हणतंस?"

"काय?"

"व्हय म्हाराजा."

शेवंती लाजली. अजून तिला लाजता येत होतं. "तो धाकू म्हणालो नाय त्या दिवशी? तेवापासून. तुमी थांबलास की मी म्हणतंय आणि थोपटतंय. मगे तुमी परत सुरू होतास."

"राती पण?"

"रातीच जास्ती."

"आणि तू झोपतंस कधी?"

"कारखान्यात," ती म्हणाली. "रिफिली भरताना."

जयवंतला हसू आलं आणि ते हुंदक्यातच मोडलं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "बायकांनी व्हय म्हणूचा नसता गो."

"मगे राती पुरुष खयसून आणू?" शेवंती फणकारली.

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. गोळ्या अभ्र्यात आहेत ते सांगितलं. तिने गोळ्या काढल्या, मोरीत टाकल्या, वरून बादलीभर पाणी ओतलं, आणि धाकूचा असा उद्धार केला की पलीकडे राधाबाई ऐकून गार झाल्या. मग त्याने नदीचं सांगितलं. "थय मी चलतंय गो. पायांक गोटे लागतत." हे सांगताना त्याचा आवाज अगदीच गेला.

शेवंती खाटेच्या पायथ्याशी सरकली. त्याच्या पायांवरून हात फिरवत राहिली, जिथे त्याला काही कळत नव्हतं तिथे.

"चलतास तर चला," ती शेवटी म्हणाली. "मी नको म्हणूची नाय. पण कोंडीच्या अल्याड. पल्याड गेलास तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" आणि मग तिचा बांध फुटला. एवढ्या दिवसांचं सगळं जागरण ती त्याच्या निर्जीव गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली.

"माका कुशीर कर," जयवंत म्हणाला.

"खांदो?"

"दुखांदे."

तिने त्याला वळवलं, लोड लावला, उशी सारली. त्या रात्री नदी आली नाही. तो मधे मधे जागा झाला, पुन्हा झोपला. श्वास जात होता, येत होता.

पहाटे जाग आली तेव्हा खोलीत राखाडी उजेड होता. उताण्या माणसाला काय दिसतं? पत्रा. इतकी वर्षं त्याने पत्राच पाहिला होता, त्याचा एकेक गंज पाठ होता. आज कुशीवर होता, समोर जमिनीवर चटई होती आणि चटईवर शेवंती. केस विस्कटलेले, गाल हातावर दाबलेला. तिच्या कानापाशी पांढरं झालंय हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. आणि ती घोरत होती! बारीक नाही, चांगली खणखणीत. जयवंत एकटाच हसला.

बाहेर नळ आला. बायकांच्या हंड्यांचा खणखणाट सुरू झाला, राधाबाईंनी फळीवर थाप मारून हाक दिली, "शेवंते, पाणी इला गो!" शेवंतीचं घोरणं मधेच थांबलं. जयवंत घाबरला. आपला श्वास धरून तो तिच्याकडे बघत राहिला. छातीत होती नव्हती तेवढी हवा त्याने गोळा केली आणि बाबांसारखं नाही, पण तिला पोचेल एवढ्या आवाजात म्हणाला,

"व्हय म्हाराजा."

शेवंतीने कूस बदलली, त्याच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा घोरायला लागली. राधाबाईंनी आणखी दोन हाका मारल्या. जयवंतने त्यांना उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने नळ गेला, आणि त्या दिवशी त्यांच्या घरात पाणी भरलं गेलं नाही.